दोन पिवळ्या: सोलापूरच्या एका अंगणातल्या डेलिलींचा फुलण्याचा क्रम

२०२१च्या जूनमध्ये आम्ही धाकट्या बहिणीला पुण्याला डेलिली या फुलझाडाचा एक फुटवा पाठवला, मावशीची आठवण म्हणून. तो मावशीचा नव्हता. ते कळायला पुढचा चैत्र उजाडावा लागला. चार वर्षांच्या नोंदी हाताशी होत्या, त्यांवर मी गणितही मांडलं होतं, आणि गणितानंच आम्हाला चुकीचं बेट दाखवलं. झालं ते सगळं इथे क्रमवार लिहिते आहे, कारण डेलिली लावणाऱ्याला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच: बेटं दरवर्षी त्याच क्रमानं फुलतात का, आणि त्या क्रमावर किती विसंबायचं?

आमचं घर विजापूर रस्त्याच्या बाजूला आहे. अंगणाच्या पश्चिमेला कुंपणाची भिंत आणि तिच्या पायाशी लांबट वाफा. माती काळी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी आणि पावसात पाणी धरून बसणारी. डेलिलीचा गड्डा साचलेल्या पाण्यात कुजतो, म्हणून आईनं वाळू आणि शेणखत घालून वाफा वीतभर उंच केला होता. त्यात सात बेटं होती. नर्सरीतली नावं कुणालाच माहीत नव्हती. आईनं आपली नावं दिली: बुटकी, नर्सरीची पिवळी, विटकरी, जर्दाळू, वांगी, मावशीची पिवळी आणि दुहेरी. २०१७ साली ती याच क्रमानं फुलली, म्हणून इथे तोच मूळ क्रम धरला आहे.

सातांतल्या दोन पिवळ्यांवर हे सगळं प्रकरण उभं आहे. फूल तेवढंच, रंग तोच, पाकळीची कड तशीच. एक आईनं नर्सरीतून आणलेली. दुसरी बार्शीच्या मावशीच्या परसातली. मावशी गेली, पुढे घरही विकलं गेलं. तिच्या हातचं म्हणावं असं आमच्याकडे हे एकच बेट उरलं. नर्सरीची पिवळी दुसऱ्या क्रमांकाला फुलायची, मावशीची सहाव्या. दोघींना ओळखायची आमच्याकडची मुख्य खूण हीच.

डेलिली ही खरी लिली नाही. खऱ्या लिलीला मातीखाली खवल्यांचा कांदा असतो; हिला गाठाळ मुळांचा झुबका आणि त्यावर पात्यांचे पंखे. एकेक पंखा म्हणजे एकेक फुटवा. हल्लीच्या वर्गीकरणात ती कोरफडीच्या कुळात बसते. मूळची चीन, जपान, कोरियाकडची. फूल सकाळी उमलतं आणि संध्याकाळी मिटून संपतं, पण एका दांड्यावर पुष्कळ कळ्या असतात आणि एका बेटाला अनेक दांडे, म्हणून बहर काही आठवडे टिकतो. सोलापुरात सदाहरित जातींचे दांडे मार्चअखेरीस दिसू लागतात आणि रणरणत्या उन्हातही फुलं येत राहतात. गडद रंग मात्र दुपारच्या उन्हात डागाळतात. वांगी भिंतीच्या सावलीला होती म्हणून निभावली.

दुधाच्या हिशेबाची वही

आईनं नोंदी ठेवल्या त्या अभ्यासासाठी नाही. दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या बाजूला ती लिहायची: "विटकरी, पाडव्यानंतर दोन आठवड्यांनी." २०१७ ते २०२०, चार उन्हाळे. मी शाळेत गणित शिकवते. ती वही हाती आली तेव्हा मला फार आनंद झाला आणि लगेच अडचणही कळली. सगळ्या नोंदी तिथीच्या होत्या.

२०१८चा पाडवा १८ मार्चला होता, २०१९चा ६ एप्रिलला. मधल्या वर्षी अधिक ज्येष्ठ आला होता. नुसत्या तिथी पाहिल्या तर बुटकी एका वर्षी पाडव्यानंतर सोळा दिवसांनी फुललेली आणि पुढच्या वर्षी थेट पाडव्याला. वाटेल, बेट अर्ध्या महिन्यानं पुढे सरकलं. पंचांग घेऊन तारखा काढल्या तर ३ एप्रिल आणि ६ एप्रिल. तीन दिवसांचा फरक! अशा नोंदी कुणाच्या घरी असतील तर त्या टाकून देऊ नयेत, पण तारखांत उतरवल्याशिवाय वर्षाला वर्षही लावू नये. फुलांचा आपसातला क्रम मात्र तिथीत पाहा की तारखेत, तोच राहतो. क्रमाचं मोल मला तिथे पहिल्यांदा कळलं.

दुसरी अडचण भोगीची. २०२०च्या जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेच्या दिवसांत, वहीत नोंद आहे: "वांगी, भोगीला एक फूल." उबदार हवेत सदाहरित डेलिली असा एखादा दांडा अवेळी वर काढते. पहिलं फूल हीच खूण धरली तर त्या वर्षी पाचव्या क्रमांकाची वांगी पहिली येते आणि आधीच्या चारही एकेक घर मागे जातात. खरं तर वांगीचा बहर नेहमीसारखा जर्दाळूच्या पाठोपाठच आला होता. त्यानंतर आम्ही नियम केला: बेटावरच्या निम्म्या दांड्यांवर किमान एक फूल उमललं की तो त्या बेटाचा दिवस. सुदैवानं आई "एक फूल", "तीन दांडे", "भर आला" असं वेगवेगळं लिहायची, म्हणून जुनी वर्षंही या नियमात बसवता आली. शेवटच्या वर्षाच्या नोंदी सगळ्यांत दाट आहेत, कारण पाडव्यालाच, २५ मार्चला, देशभर टाळेबंदी लागली आणि आई रोज सकाळी वाफ्याशी बसू लागली. रोज पाहणाऱ्याला पहिलं फूल लवकर दिसतं, हेही ध्यानात ठेवायला हवं.

चार वर्षांचा हिशेब सरळ निघाला. २०१८ मध्ये विटकरी आणि जर्दाळू यांची अदलाबदल झाली. २०१९ मध्ये जर्दाळू आणि वांगी यांची. २०२० मध्ये भोगीचं फूल बाजूला ठेवलं की क्रम २०१७चाच. पहिली, दुसरी, सहावी आणि सातवी चारही वर्षं जागच्या हलल्या नाहीत. सात बेटं ५०४० तऱ्हांनी फुलू शकतात. त्यांतून वर्षानुवर्षं जवळजवळ तीच एक तऱ्हा यावी, हा योगायोग नव्हे.

२०१९चा उन्हाळा जिल्ह्याला दुष्काळाचा गेला. नळाला तर एरवीही रोज पाणी येत नाही. त्या वर्षी वाफ्याच्या वाट्याला हंडाभर पाणी काढणंही कठीण झालं. दांडे आखूड राहिले, कळ्या गळाल्या, दुहेरीला दोनच दांडे आले. तरी क्रमात एवढीच हालचाल झाली की वांगी जर्दाळूच्या आधी आली. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही: वांगीच्या बाजूला धुण्याचा दगड होता आणि तिथलं पाणी तिच्या मुळाशी उतरत होतं.

क्रम टिकतो याचं कारण माझ्या समजुतीप्रमाणे असं. दांडा वर यायला प्रत्येक जातीला ठरावीक उष्णता साठावी लागते. उन्हाळा लवकर तापला तर सगळ्यांचीच बेरीज लवकर भरते आणि सगळीच पुढे येतात. तारखा हलतात, रांग हलत नाही. ज्या दोन बेटांत दोन-चार दिवसांचंच अंतर आहे त्यांच्यात एखादी बादली पाणी किंवा भिंतीची धग पुढे-मागे करू शकते. महिनाभराचं अंतर बादलीभर पाण्यानं मोडत नाही.

परदेशातल्या याद्यांवरून मात्र इथला क्रम ठरवता येत नाही. अमेरिकेतल्या डेलिली संस्थेकडे (स्थापना १९४६) एक लाखाहून अधिक जाती नोंदलेल्या आहेत आणि प्रत्येकीपुढे अति लवकर ते अति उशिरा असा बहराचा काळ दिलेला असतो. तो जात तयार करणाऱ्याच्या बागेतला असतो. थंड प्रदेशात हिवाळा सगळ्यांना एकदम झोपवतो आणि वसंतात सगळ्यांची सुरुवात एकाच रेषेवरून होते. सोलापूरच्या सौम्य हिवाळ्यात सदाहरित जाती वाढतच राहतात आणि ज्यांना थंडीची झोप लागते त्या रेंगाळतात, काही तर वर्षागणिक रोडावतात. इथली रांग इथेच लिहून काढावी लागते.

भाऊबीज

१४ ऑक्टोबर २०२०च्या आसपास जिल्ह्यात अतोनात पाऊस झाला. आमची कुंपणाची भिंत त्यातच खचली. दिवाळीनंतर गवंडी आले, आणि नेमकी तेव्हा आई भाऊबिजेसाठी सांगोल्याला मामाकडे गेली होती. मी शाळेच्या कामात होते. पाया खणायचा म्हणून मजुरांनी वाफा उपसला. वाईट हेतू कुणाचाच नव्हता, त्यांच्या लेखी ते गवत होतं. आई परतली तेव्हा लिंबाखाली पोत्यांवर सात ढीग पडले होते. पत्र्याच्या पाट्या मातीत गेल्या होत्या.

आईनं कपाळाला हात लावला आणि मग विळी घेऊन बसली. पाती वीतभर ठेवून छाटली, कुजकी मुळं काढली, एक दिवस सावलीत सुकवून सगळं पुन्हा लावलं. सहा बेटं मातीच्या ढेपेसकट जवळजवळ अखंड निघाली होती. सातव्याचा कुदळीनं चुराडा झाला होता. त्यातले दोन फुटवे तेवढे जगण्याजोगे होते. फुलं आल्यावर पाच बेटं रंगावरून ओळखू येणारच होती. प्रश्न दोन पिवळ्यांचा होता. एक अखंड, एक दोन फुटव्यांची. मावशीची कोणती?

"फुलल्या की कळेल," आई म्हणाली. "लवकर येईल ती नर्सरीची, मागून येईल ती अक्काची."

२०२१ मध्ये बुटकी पहिली आली. मग विटकरी, जर्दाळू, वांगी. पाचवी अखंड पिवळी. सहावी दुहेरी. आणि सगळ्यांच्या मागून, जूनमध्ये, दोन फुटव्यांच्या पिवळीला एकुलता एक दांडा आला.

मी वही आणि पेन घेऊन बसले. दोन वर्षांच्या क्रमवारीत किती मेळ आहे हे मोजायची रीत चार्ल्स स्पिअरमननं १९०४ साली मांडली. प्रत्येक बेटाच्या दोन क्रमांकांतला फरक काढायचा, त्याचा वर्ग करायचा, वर्गांची बेरीज सहानं गुणून सात बेटांसाठी ३३६ नं भागायची आणि उत्तर एकातून वजा करायचं. उरतो तो गुणांक; पूर्ण मेळ असेल तर १. आधीच्या वर्षांत एका अदलाबदलीला वर्गांची बेरीज २ यायची आणि गुणांक ०.९६.

आता दोन शक्यता होत्या. अखंड पिवळी नर्सरीची आणि मागाहून आलेली मावशीची असं धरलं तर नर्सरीची दुसरीवरून पाचवी, मावशीची सहावीवरून सातवी. वर्गांची बेरीज १४, गुणांक ०.७५. उलट धरलं तर नर्सरीची दुसरीवरून थेट सातवी जाते. बेरीज ३०, गुणांक ०.४६. ०.७५ आणि ०.४६ यांत कुणीही ०.७५ निवडेल. शिवाय आईचा नियमही तेच सांगत होता: मागून आली ती मावशीची.

मामा त्या दिवसांत आला होता. त्याची डाळिंबाची बाग आहे. त्यानं वाफ्याशी उकिडवं बसून दोन्ही बेटं पाहिली आणि म्हणाला, "ह्या बारक्याला ताण बसलाय. ताण बसला की बहार पुढं-मागं हुतोच." डाळिंबाला आंबे, मृग आणि हस्त असे तीन बहार; शेतकरी पाणी तोडून झाडाला ताण देतो, पानगळ होते, मग पाणी सोडलं की कळी निघते. कोणता बहार धरायचा हे बागायतदार ठरवतो. मला वाटलं, डाळिंबाची गोष्ट डेलिलीला कशी लागू पडेल? २०१९च्या दुष्काळातही आमची रांग मोडली नव्हती. ते उदाहरण मी त्याच्यापुढे ठेवलं आणि तो गप्प बसला.

दोन फुटव्यांतला एक आम्ही ओल्या गोणपाटात बांधून पुण्याला पाठवला. बहिणीनं तो गच्चीतल्या चांगल्या कुंडीत लावला आणि फोन करून म्हणाली, "ताई, मावशी घरी आली."

पुढचा चैत्र

२०२२ मध्ये उरलेला एक फुटवा चारांवर गेला होता. बुटकी फुलली, विटकरी फुलली, आणि तिसऱ्या क्रमांकाला तीच बारकी पिवळी. अखंड पिवळी शांतपणे जर्दाळू आणि वांगीच्या मागून, सहावी. मी परत गणित केलं. आदल्या वर्षी आम्ही मानलं होतं तसं धरलं तर बेरीज २६, गुणांक ०.५४. उलट धरलं तर बेरीज फक्त २ आणि गुणांक ०.९६. श्रावणात त्या बारक्या पिवळीला दुसऱ्यांदा दांडा आला. वहीत श्रावणातल्या बहराच्या नोंदी शोधल्या. चारही वर्षं त्या नर्सरीच्या पिवळीच्याच होत्या. २०२३ मध्ये ती दुसऱ्या क्रमांकावर येऊन बसली आणि रांग पुन्हा २०१७सारखी झाली.

आता मागे वळून २०२१ची रांग पाहिली की चूक उघडी दिसते. त्या दोन फुटव्यांचं बेट बाजूला काढा. उरलेली सहा आपल्या जुन्या क्रमात अचूक आहेत: बुटकी, विटकरी, जर्दाळू, वांगी, पिवळी, दुहेरी. सहांचा गुणांक पुरा १. रांग मोडलीच नव्हती, एक जण रांगेबाहेर पडला होता. स्पिअरमनचं सूत्र लांब उडीला वर्गाच्या पटीत दंड करतं. एकानं पाच घरं उडी मारली तर २५, पाच जणांनी एकेक घर सरकलं तर अवघे ५. म्हणून त्याला सगळ्यांनी थोडं थोडं हलणं पसंत पडतं. पण आमच्या वाफ्यात सगळे सारखे हललेच नव्हते. सहा बेटं मातीसकट उचलली गेली होती आणि एकाचा चुरा झाला होता. ही गोष्ट सूत्राला ठाऊक नव्हती. मला ठाऊक होती, आणि मी ती हिशेबात घेतली नाही. चुराडा झालेल्या फुटव्याला आधी मुळं धरावी लागतात, पानं वाढवावी लागतात, मग दांड्याचं बळ येतं. पहिल्या वर्षीची त्याची तारीख जातीची नसते, जखमेची असते.

मामाचं म्हणणंही मी फार लवकर खोडून काढलं. दुष्काळाचा ताण साऱ्या वाफ्यावर सारखा होता, म्हणून रांग टिकली. कुदळीचा ताण एकाच बेटावर होता. तो नेमकं "ह्या बारक्याला" म्हणाला होता.

त्यामुळे या एका वाफ्यापुरतं मी असं म्हणेन: न हलवलेल्या, भरलेल्या बेटांचा क्रम भरवशाचा आहे, शेजाऱ्या-शेजाऱ्यांत अदलाबदल धरून. फोडलेल्या किंवा नव्यानं लावलेल्या बेटाला पहिल्या वर्षी रांगेत मोजूच नये, दुसऱ्या वर्षी जपून मोजावं. आणि ओळख पटवायची असेल तर क्रमाच्या जोडीला दुसरी एखादी खूण हवी. आमच्याकडे श्रावणातल्या बहराची खूण वहीत पहिल्यापासून लिहिलेली होती. २०२१च्या श्रावणापर्यंत दोन महिने थांबलो असतो तर कदाचित घाई टळली असती. कदाचितच, कारण त्या वर्षी त्या बारक्या फुटव्याला दुसरा दांडा काढायची ताकद नव्हती.

बहिणीला सांगणं जड गेलं. तिनं दोन वर्षं त्या कुंडीपाशी मावशीच्या पुण्यतिथीला दिवा लावला होता. मी फोनवर सगळा हिशेब समजावायला लागले तेव्हा तिनं मध्येच थांबवून विचारलं, "मग मावशीची आहे ना जिवंत?" आहे म्हटलं. सगळ्यांत मोठं बेट तेच आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये आई स्वतः ते फोडायला बसली. या वेळी एकटा फुटवा काढला नाही. चार फुटव्यांचा जुडगा मातीसकट कापला, पातीला दोऱ्यानं पत्र्याची पाटी बांधली आणि एसटीनं मांडीवर घेऊन पुण्याला गेली.

नर्सरीची पिवळी बहिणीनं काढून टाकली नाही. दोन्ही कुंड्या शेजारी शेजारी आहेत. २०२४ची नोंद आम्ही कंसात ठेवली. २०२५चा पाडवा ३० मार्चला होता. पुण्यात नर्सरीची पिवळी एप्रिलच्या मध्यावर भरात आली, मावशीची मेच्या शेवटी. दोन्ही तारखा आमच्यापेक्षा मागे, दोघींमधलं अंतर मात्र सोलापुरातल्याइतकंच. आईनं दुधाच्या वहीत नवं पान काढलं आहे. वर लिहिलं आहे "पुणे", खाली दोन ओळी, आणि या खेपेला तिथीशेजारी तारीखही.